घरटी एक खांदा

करंजमाळ, ता. पोलादपूर
१९ ऑगस्ट २०२४

सुधीर,

तू माझा फोन उचलत नाहीस त्याला सहा वर्षं झाली. आता उचललास तरी थोड्या दिवसांनी उपयोग होणार नाही, कारण मला बोलता येणार नाही. म्हणून लिहायला बसले. पत्ता पूनमने दिला. तिच्यावर रागावू नकोस. सून म्हणून तिने माझ्यासाठी केलेली ही पहिलीच गोष्ट आहे, आणि ती चांगली केली आहे.

माझ्या जिभेला कॅन्सर झाला आहे. डाव्या कडेला माघात फोड आला. मला वाटलं दाढ घासतेय. दुखायला लागलं की वर मिशेरी दाबायची, म्हणजे तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं. मिशेरीनं झालेल्या जखमेवर मी पाच महिने मिशेरीच लावली. अंगणवाडीच्या भिंतीवर तंबाखूचा तक्ता मीच चिकटवला होता रे, आणि पोरं घरी गेली की त्याच्याखाली बसून मीच डबी उघडायची.

सापडलं ते अपेक्षामुळे. कोंडाजींची धाकटी सून, तू गेल्यावर आली लग्न होऊन. आशाताईचं काम करते. एक दिवस माझा घास तोंडात घोळताना तिने पाहिला आणि मोबाइलची बॅटरी लावून म्हणाली, "काकी, आ करा." मी केलं. तिने बॅटरी आणखी जवळ आणली.

"कवापासून हाय ह्ये?"

"दाढ लागतेय गो."

"दाढ नाय ही. उद्या महाडला जायाचं."

"उद्या पोषण आहार वाटायचा आहे."

"तो मी वाटते परवा. उद्या महाड."

महाडला तुकडा काढला, मुंबईला तपासला. ऑपरेशन ११ सप्टेंबरला, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. जिभेचा डावा भाग काढणार, मानेतल्या गाठी काढणार.

पाच महिने कोणाला सांगितलं नाही, कारण लोकांना त्रास नको. ही माझी जुनी खोड आहे. तिच्याबद्दल कधीतरी लिहीन.

तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढंच.

आई


करंजमाळ
८ सप्टेंबर २०२४

सुधीर,

काल गणपती बसले. वाडी चाकरमान्यांनी भरली आहे, अठराही घरांत दिवे. आपल्याही. माझं तोंड दुखतं म्हणून या वर्षी मोदक बयाबाईने करून आणले. ती आता सत्तरीची झाली, दात एक नाही, पण जीभ शाबूत आहे. मोदक ठेवून म्हणते, "तुळशे, खाता येत नाय तर बघून घे. बघायला कॅन्सर नाय लागत."

उद्या मी खाली उतरणार. आरतीनंतर कोंडाजींनी विषय काढला, "डोली बांधायची."

मी म्हटलं, "भावजी, पाय धड आहेत माझे. दीड तासाची उतरण आहे, चालत जाईन."

"पाय धड हायत, ठाऊक हाय. पर चिखल हाय, निसरडं हाय. आन् गावाला काय तरी करू दे की."

डोलीचा नियम तुला माहीत आहे, घरटी एक खांदा. भांडण असो, बोलचाल बंद असो, तीन हाळ्या ऐकल्या की प्रत्येक घरातला एक माणूस हातातलं काम टाकून येतो. तू गेल्यापासून आपल्या घराचा खांदा कोण देतं ते तुला कोणी सांगितलं नसेल. कुशाबा देतो. त्याच्या घराचा खांदा त्याचा भाऊ देतो आणि तो आपला. एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला असला तरी येतो. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तू गेल्यानंतरच्या पहिल्या डोलीला सतराच खांदे भरले, तेव्हा तो पुढे झाला आणि म्हणाला, "ह्यो रावजीकाकांच्या घरचा." बास. तेव्हापासून चालू आहे.

आणखी एक सांगते. मुंबईत आपल्या गावाची खोली आहे, तिथे अकरा जण राहतात. सगळे गणपतीला वर आले आहेत. त्यातले चौघे उद्या माझ्याबरोबर परत निघणार, खोली उघडायला, इस्पितळात रांगेला उभं राहायला, रक्त द्यायला. गौरी यायच्या आधी. गणपती घरात असताना उलट्या पावली मुंबईला जाणारा कोकणातला माणूस तू कधी पाहिला आहेस का? मी नव्हता पाहिला. मुरारीच्या आईला मी म्हटलं, "वर्षाचा सण आहे, पोराला ठेवून घे." तर ती म्हणाली, "गणपती काय, पुढल्या वर्षी येतोच."

या लोकांबद्दल तू अंगणात उभा राहून जे बोललास, ते आज फार आठवलं.

आई


मुंबई
२७ सप्टेंबर २०२४

सुधीर,

हो, मुंबई. तुझ्या घरापासून तासाभरावर आहे मी. ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले. नाकातून नळी आहे, तीतूनच पोटात जातं. गळ्याला टाके. आरशात पाहिलं तर दुसरीच कोणी बाई.

खोलीची आतली बाजू मला आणि अपेक्षाला दिली आहे. अकरा जण बाहेरच्या अर्ध्या खोलीत पाळीपाळीनं झोपतात. मुरारी एका कॅन्टीनमध्ये कामाला आहे. कामाची पाळी नसली की तो दर दोन तासांनी भाताची पेज करतो, मिक्सरला लावतो, पंच्याने गाळतो, परत गाळतो. गुठळी राहिली तर नळी तुंबते. काल सिरिंज धरून म्हणाला, "काकी, मोठमोठ्या हॉटेलांत बी असं सूप मिळत नाय, नाकानं प्यायचं." मी हसले आणि टाके ओढले गेले. अपेक्षाने त्याला पळीनं मारलं.

एक मुलगी रोज बोलायला शिकवते. आरसा समोर ठेवते. ल, ट, र येत नाहीत. त येत नाही, म्हणजे माझं स्वतःचं नावसुद्धा मला सांगता येत नाही. तुझं नाव घेऊन पाहिलं. 'हुहीऽ' असं काहीतरी येतं.

मी कुठल्या इस्पितळात, कुठल्या खोलीवर आहे ते तुला कळवू नका, अशी सगळ्यांना शपथ घातली आहे. मुरारीला ते पटलेलं नाही. "तासाभराच्या अंतरावर पोरगा आन् आम्ही नाकात पेज घालतोय," म्हणतो. मी पाटीवर लिहिलं, 'गप.'

तू आला असतास तर यांच्यासमोर आला असतास. आणि यांच्यासमोर मला तुला एक गोष्ट सांगावी लागली असती. तेवढी हिंमत नव्हती. अजून नाही. हे पत्र मुंबईत टाकणार नाही. मी गावी परतले की पोलादपूरला पेटीत टाकीन.

आई


करंजमाळ
१४ जानेवारी २०२५

सुधीर,

पूनमचा मेसेज अपेक्षाच्या फोनवर आला होता. 'पत्रं पोचतात' एवढंच. वाचतोस की नाही ते तिने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

सहा आठवडे शेक घेतला, मशीनचा. गळा आतून भाजल्यासारखा झाला, तोंडात थुंकी उरली नाही. वजन एकोणचाळीस. नळी निघाली. आंबील, पेज, कुस्करलेलं केळं जातं. डॉक्टर 'गेला' म्हणत नाहीत, 'सध्या दिसत नाही' म्हणतात. दर दोन महिन्यांनी दाखवायचं. मला ते शब्द आवडले. सध्या मीही दिसते, सध्या ऊनही पडतं.

गेल्या आठवड्यात घरी आले. फाट्यावर जीप थांबली तर अठरा माणसं डोली घेऊन उभी. मी हातानं खुणावलं, हे काय? डोली खाली जायला असते, वर माणूस आपल्या पायानं येतो, नाहीतर येतच नाही. कोंडाजी म्हणाले, "खाली नेताना कोण बोलत नाय. वर नेताना बोलायचं." आणि खरंच, पूर्ण चढण हे लोक बडबडत होते. कुणाची म्हैस व्यायली, कुणाचं लग्न ठरलं, कशेडीला कोणता ट्रक उलटला. आंब्याच्या वळणावर मात्र सगळे गप्प झाले. तिथे काय झालं ते तुला माहीत आहे. कोंडाजींनी डोली थांबवली नाही, फक्त टोपी काढली आणि वळण संपल्यावर घातली.

वाडीत शिरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वास नव्हता. सकाळच्या वेळी कुठल्या ना कुठल्या चुलीवर तंबाखू भाजलेली असते, तो वास. माझी तीच भीती होती. खरं सांगते, शेक चालू असतानाही मला मिशेरीची स्वप्नं पडायची. वाटायचं, घरी गेले आणि वास आला तर मी काय करीन?

अपेक्षाने सांगितलं. ती मुंबईहून मध्ये एकदा आली तेव्हा तिने बॅटरी घेऊन वाडीतल्या तेवीस बायकांची तोंडं तपासली. कुशाबाच्या बायकोच्या गालात पांढरा चट्टा निघाला. महाडला दाखवला, वेळेत दाखवला म्हणाले. त्या दिवशी सगळ्या बायका एकत्र बसल्या आणि मिशेरी सोडायची ठरवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं भाजायचा तवा दारात उपडा घातला. डोलीतून पाहिलं तर दर दारात उपडा तवा. सगळ्या दाराशी उभ्या, आणि एकही हसेना, जशा काही परीक्षेला बसल्यात.

बयाबाई आपली डबी घेऊन आली. अकराव्या वर्षापासून लावते ती. डबी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ठेव तुज्याकडं. मी मागितली तरी देऊ नको. पाया पडले तरी देऊ नको."

चौथ्या दिवशी आलीच. "तुळशे, चिमूटभर. वासापुरती."

मी मान हलवली.

"बोटाला लावून दे."

मान हलवली.

"मुकी झालीस त्ये एक बरं झालं. नायतर आता मला शाळा शिकवली असतीस!" असं म्हणून शिव्या देत गेली. संध्याकाळी मऊ भात घेऊन आली, तोंड फुगवूनच. भातात मीठ विसरली होती. मी पूर्ण खाल्ला.

आई


करंजमाळ
२ फेब्रुवारी २०२५

सुधीर,

आज ते लिहिते.

तुझे बाबा गेले तो दिवस, १० जुलै २०१८. बाराव्याला तू अंगणात कोंडाजींसमोर उभा राहून म्हणालास, "तुमच्या लावणीपायी माझा बाप गेला. तीन हाळ्या दिल्यावर तुम्ही चिखलातून उठला नाहीत." कोंडाजी म्हणाले, "व्हय रे बाबा, उशीर झाला." मग तू मला म्हणालास, की या लोकांत राहायचं असेल तर मला आई नाही. मी काही बोलले नाही. माझं न बोलणं तू त्यांची बाजू घेणं समजलास.

हाळी दुपारी तीनला गेली. बाबांच्या छातीत सकाळी नऊला दुखायला लागलं होतं.

त्या दिवशी कुशाबाच्या खाचराची लावणी होती. रोप काढून झालेलं, चिखल केलेला, वाडीचा एकूण एक माणूस तिथे. बाबाच म्हणाले, "हाळी देऊ नको. माणसं पांगतील, काढलेलं रोप सुकून जाईल. गॅस हाय, उतरेल." मी सुंठ दिली, ओवा दिला. हे त्यांच्यावर ढकलून मी सुटू शकले असते. पण बारा वाजता त्यांना घाम फुटला, तेव्हा 'नको' म्हणायला ते धड शुद्धीवर नव्हते. तेव्हाही मी हाळी द्यायच्या खडकापर्यंत गेले आणि परत आले. खाली पाहिलं, सगळी वाकलेली, ओळीनं. मनात म्हटलं, अंगणवाडीच्या बाईने गॅसपायी गावाची लावणी मोडली असं व्हायला नको. आणखी तासभर बघू. तो एक तास तीन वाजेपर्यंत चालला. डोली आंब्याच्या वळणावर पोचली तेव्हा ते गेले.

हाळी दिल्यावर ते किती वेळात आले, ऐक. मी बाबांच्या अंगावरची गोधडी घडी करायला घेतली होती. घडी पूर्ण व्हायच्या आत कोंडाजी दारात होते. गुडघ्यापर्यंत चिखल, पाय धुतलेले नाहीत. त्या चिखलाचे पाय आपल्या माजघरात उमटले होते. तू आलास त्याच्या आधी मी ते सारवून टाकले. सुतक संपायची वाटही पाहिली नाही. तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून सारवले असं नाही म्हणणार, पण सारवले.

तू निघून गेल्यावर मी कोंडाजींना म्हटलं, मी त्याला खरं सांगते. ते म्हणाले, "नको. माज्यावर रागावला तर माजं काय जातंय? गावाची पाठ मोठी हाय. तुज्यावर रागावला तर त्याला जायाला जागाच नाय उरायची." त्यांना वाटलं होतं तू गावावर रागावशील आणि आईकडे येशील. तू दोघांनाही सोडलंस. तरी त्या माणसानं सहा वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही. वाडीत प्रत्येकाला हाळी किती वाजता गेली ते माहीत आहे. बयाबाई तर सकाळी दहाला मिशेरी मागायला आपल्याकडे येऊन गेली होती, तिने बाबांना छाती चोळताना पाहिलं होतं. तीसुद्धा गप्प राहिली. बयाबाई! तिला गप्प राहणं किती जड जातं तुला माहीत आहे.

ज्यांना मी उशिरा हाक मारली, त्यांनी दोष घेतला. आणि माझ्या आजारात मी पुन्हा हाक मारली नाही, तर ते न बोलावताच आले. त्यांनी मला डोलीत घातलं तेव्हा मी घोंगडी तोंडावर ओढून घेतली होती. उन्हामुळे नाही.

तुला राग धरायचा असेल तर तो माझ्यावर धर. योग्य जागी जाईल.

आई


करंजमाळ
१३ जुलै २०२५

सुधीर,

पाच महिन्यांत उत्तर आलं नाही, ते मी समजू शकते. पण मागच्या आठवड्यात तू कोंडाजींना फोन केलास हे कळलं. ते खडकावर रेंज धरून बसले होते, अपेक्षा शेजारीच होती, तिने सगळं सांगितलं. तू विचारलंस, "काका, त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला होता का?" आणि ते म्हणाले, "झाला होता." मग विचारलंस, "आईला जेवता येतं का?"

मी त्यांच्याकडे पाटी घेऊन गेले. लिहिलं, 'अजून खोटं का बोलता?' तर टोपी सारखी करत म्हणाले, "सवय झाली गो."

या एका बाबतीत कोंडाजींवर विश्वास ठेवू नकोस. बाकी सगळ्यात ठेव.

आता काल घडलेलं सांगते. काल पुन्हा कुशाबाच्याच खाचराची लावणी होती. वाडीत मी आणि बयाबाई दोघीच. ती गोठ्यामागे लाकडं काढायला गेली आणि ओरडली. फुरसं चावलं होतं, घोट्याला. मी धावले. तिने पायाला पदर गुंडाळला होता आणि मला काय म्हणाली असेल? "हाळी देऊ नको गो. लावणी चाललीय. माणसं पांगतील. उतरेल विष."

तेच शब्द, सुधीर. जसेच्या तसे.

मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाय हलवू नको म्हणून खुणावलं आणि खडकावर गेले. वाटेत आठवलं की ऑपरेशनपासून मी हाळी दिलेलीच नाही. येईल की नाही ठाऊक नव्हतं. खाली सगळी तशीच वाकलेली होती, ओळीनं. मी तोंड उघडलं.

हाळीला जीभ लागत नाही रे. नुसतं हूऽऽ, गळ्यातून आणि पोटातून. त्यात ल नाही, ट नाही, र नाही. आली. फाटकी आली, पण आली. दुसरी दिली. तिसरी देईपर्यंत खालची ओळ मोडली होती आणि माणसं बांधांवरून धावत होती.

मी खाली परतले तर बयाबाई भिंतीला टेकून मला शिव्या घालत होती. "ऐकत नाय ती ऐकत नाय. रोप सुकलं तर तुजा बाप येणार हाय का?" कोंडाजी आता पासष्टचे, तरी पहिले तेच आले. चिखलाचे पाय घेऊन. डोली तासाभरात फाट्यावर, तिथून गाडी, तिथून महाड. इंजेक्शनं वेळेत मिळाली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर कठीण होतं. आज सकाळी तिने तिथल्या नर्सला विचारलं म्हणे, मिशेरी मिळेल का. म्हणजे ती बरी आहे.

डोली निघून गेल्यावर मी खाचरात उतरले. खाली फक्त बायका राहिल्या होत्या आणि काढलेलं रोप. मला चिखलात उभं राहायला डॉक्टरांची परवानगी नाही, म्हणून मी बांधावर बसून जुड्या सोडून देत राहिले. दिवस मावळायच्या आत खाचर लागलं. एक काडी सुकली नाही. सात वर्षांपूर्वीही सुकली नसती.

काल संध्याकाळी घरात आले तेव्हा माजघरात कोंडाजींचे पाय उमटलेले दिसले. घोंगडी न्यायला आले होते तेव्हाचे. ते मी सारवणार नाही. तू बघेपर्यंत राहू देते.

कुशाबाने आज एक निरोप दिला आहे, तसाच लिहिते. "त्याला सांग, तुमच्या घरचा खांदा मी द्यायला तयार हाय, जल्मभर. पर माजा उजवा खांदा आता दुखतोय, आन् डोलीत मागची डावी बाजू मोकळी हाय."

येशील तर दिवसाउजेडी ये, वाट निसरडी आहे. आंब्याच्या वळणावर पोचलास की थांब आणि एक हाळी दे. एकच. तीन दिल्यास तर सगळं गाव डोली घेऊन पळत येईल. मी अंगणात असेन. तुझं नाव मला अजून नीट घेता येत नाही. पण हाळीला उत्तर देता येतं, आणि आता ते मी लगेच देते.

आई